चर्चमध्ये डोळे भरून आले, म्हणून विठ्ठल दुरावला का?

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिका वाई तालुक्यातल्या, वय एकसष्ट. घर माळकरी, सासऱ्यांपासून वारी. धाकट्या मुलाने मुंबईत नोकरी करताना वसईच्या कॅथलिक मुलीशी लग्न केलं. दोन्ही घरांनी ते मान्य केलं. लग्न चर्चमध्ये झालं, नंतर गावी सत्यनारायण झाला. मुलगा-सून आता वसईलाच राहतात, नातू दीड वर्षाचा आहे. गेल्या नाताळला विहीणबाईंनी दोघांनाही आग्रहाने बोलावलं. यजमानांनी ऊसतोडीचं कारण सांगितलं, या एकट्या गेल्या. लग्नाच्या वेळी पाहुण्यांच्या गडबडीत चर्चकडे धड लक्षही गेलं नव्हतं, त्यामुळे रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, बसण्याची ही पहिलीच वेळ. सवयीने दारात चपला काढल्या, तर विहीणबाईंनीही काही न बोलता आपल्या चपला काढल्या. बाळ येशूची मूर्ती गोठ्यात ठेवताना सगळे गाऊ लागले आणि यांचे डोळे वाहायला लागले. पुढे सगळे रांगेने पुढे जाऊ लागले तशा याही उठल्या, पण सुनेने हाताने खूण करून खाली बसवलं. घरी आल्यावर रडू आल्याचं यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आज रडलीस, उद्या गळ्यात क्रॉस घालशील." यंदा पुन्हा बोलावणं आलंय. यजमानांचा नकार आहे. पत्रलेखिका विचारतात, "जाऊ की नको? आणि तेव्हापासून हरिपाठाला बसले की आपण चोरी केल्यासारखं वाटतं. देव सगळे एकच, असं मनाला समजावते, पण समाधान होत नाही. माझ्या श्रद्धेतच काही कमी आहे का?"

ताई,

आधी त्या रांगेबद्दल बोलू. पत्रात तुम्ही ती गोष्ट एका ओळीत उरकली आहे, पण "सगळ्यांसमोर उपरी ठरले" हे तुमचे शब्द आहेत, आणि ते वर्षभर मनात राहिलेत.

आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारणं हा देवाचाही अपमान आणि माणसाचाही. जो येईल त्याच्या हातावर तो ठेवायचा, जात-गोत विचारायचं नाही, अशी आपली रीत. तुम्ही त्याच भावनेने उठलात. सगळे घेताहेत, आपण बसून राहिलो तर बरं दिसणार नाही, असंच वाटलं असणार तुम्हाला. पण मिस्सामध्ये त्या रांगेत जे मिळतं ते या अर्थाने प्रसाद नाही. फादरांनी प्रार्थना म्हटल्यावर ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीरच, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. ते निव्वळ प्रतीक आहे असं ते मानत नाहीत. त्यामुळे ती कोणी घ्यायची याचे नियम कडक आहेत. बाप्तिस्मा झालेला हवा. झालेला असला तरी लहान मुलांना लगेच मिळत नाही. साधारण सात-आठ वर्षांची झाली की त्यांना शिकवणी देतात आणि मग समारंभाने पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती भाकर, देतात. मोठ्या माणसाच्या मनावरही गंभीर पापाचं ओझं असेल तर आधी पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली, करावं लागतं. त्या रात्री तुमच्या आजूबाजूला नीट पाहिलं असतंत, तर काही कॅथलिक माणसंही बाकावर बसून राहिलेली दिसली असती.

म्हणजे सुनेने तुम्हाला बाहेरची ठरवलं नाही. तुमच्याकडून अजाणता त्यांच्या सगळ्यात पवित्र गोष्टीत चूक होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. तिचं चुकलं ते दुसरीकडे. हे सगळं आदल्या संध्याकाळी घरात, चहा घेताना, तिने तुम्हाला सांगायला हवं होतं. ऐनवेळी गर्दीत हाताची खूण करून बसवलं तर कोणालाही लागेल. तिच्या अंगवळणी पडलेली गोष्ट, त्यामुळे सांगायची असते हेच तिच्या लक्षात आलं नसावं. तुम्ही तिच्याशी हे बोललेला नाहीत. बोला. "मला वाईट वाटलं" एवढं सरळ सांगितलंत तर तिला राग येणार नाही, उलट वर्षभर आईंचं काय बिनसलंय हे कोडं सुटेल.

आता डोळ्यांतल्या पाण्याकडे येते.

तुम्ही आणि तुमचे यजमान एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे आहात, पण एका गोष्टीवर तुमचं दोघांचं एकमत आहे. चर्चमध्ये रडू आलं म्हणजे श्रद्धा हलली, असं दोघंही धरून चालला आहात. ते रागाने बोलतात, तुम्ही अपराधी होऊन. हे असं असेलच असं मला वाटत नाही.

पत्रात एक वाक्य आहे. "त्याच वर्षी आषाढात आई गेली." ते लिहून तुम्ही पुढच्याच ओळीत वसईच्या गाडीचं वेळापत्रक सांगायला लागता. मी मात्र तिथेच थांबले. ज्या आषाढात वारीची घाई, पाहुणे, शेताची कामं, त्यात आई गेली. दिवस-कार्य झालं, माणसं आली-गेली. थोरल्या लेकीच्या वाट्याला अशा वेळी रडणं कमी आणि करणं जास्त येतं. मग पाच-सहा महिन्यांनी तुम्ही अशा ठिकाणी बसलात जिथे तुमच्यावर कसलीही जबाबदारी नव्हती. पाहुण्यांना वाढायचं नव्हतं, कोणाचा मान राखायचा नव्हता. समोर एक आई आणि तिचं बाळ, आणि शेकडो माणसं त्या बाळासाठी गात होती. मिस्सा मराठीत होती, गाणीही मराठीत, म्हणजे शब्दही परके नव्हते. अशा वेळी साठलेलं वाहून जाणार नाही तर काय होईल?

पण मी हे सगळं आईच्या दुःखावर ढकलून मोकळी होणार नाही. तसं केलं तर तुमच्या यजमानांना सांगायला एक सोपं उत्तर मिळेल, पण ते कदाचित पुरतं खरं नसेल. तिथल्या प्रार्थनेतही तुम्हाला काही भावलं असेल. देव गोठ्यात, गुरांच्या जागेत, उतरायला जागा न मिळालेल्या गरीब जोडप्याच्या पोटी जन्माला येतो, ही कथा माळकरी बाईला भिडली तर नवल नाही. विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणारा देव ज्यांनी लहानपणापासून मानला, त्यांना मोठेपणा सोडून खाली आलेला देव ओळखीचा वाटणारच. भिडलं, ओळखीचं वाटलं, एवढ्यावरून आपण कोणाचे हे बदलत नाही. थॉमस डाबरे हे वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप. हा धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्यांनी डॉक्टरेट केली ती तुकाराम महाराजांच्या ईश्वरानुभवावर. आयुष्याची वर्षं तुकोबांच्या अभंगांत घालवून ते कॅथलिकच राहिले, बिशप झाले. तुकोबांना आपलं म्हणण्यात त्यांना कुठे चोरी वाटली नाही, तर एका नाताळच्या रात्री डोळे भरले म्हणून तुम्हाला का वाटावी?

आणि समजा, उद्या तुम्हाला खरोखरच वेगळं काही जाणवू लागलं तर? या प्रश्नाला तुम्ही हात लावलेला नाही, पण यजमानांची भीती तीच आहे, म्हणून मीच लावते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं पाळलं, नवऱ्याशी वाद घातले. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या मनाशी झगडून, स्वतःच्या वेळेने. श्रद्धा बदलते तेव्हा ती अशी, वर्षानुवर्षं माणसाला दमवून बदलते. वसईहून परतीच्या गाडीत ती बदलत नाही. आणि जर कोणाची अशी बदललीच, तर तो त्या माणसाचा हक्क आहे. सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य घटनेने प्रत्येकाला दिलंय, एकसष्ट वर्षांच्या आजीलाही. पण तुमच्या पत्रात मला तशी बाई दिसत नाही. मला दिसते ती एक हरिपाठ न चुकवणारी बाई, जिला एका रात्री दुसऱ्याच्या देवघरात हलकं वाटलं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी माझं पटत नाही. "देव सगळे एकच" असं मनाला समजावता आणि समाधान होत नाही, असं लिहिलंय तुम्ही. मला वाटतं, ते होत नाही हेच बरोबर आहे. आपण मराठी माणसं हे वाक्य फार चटकन बोलतो. हेतू चांगला असतो, भांडण नको हा. पण तुमच्या विहीणबाईंना विचारून बघा. येशू म्हणजे विठ्ठलाचंच दुसरं नाव, हे त्यांना पटणार नाही. देव एकदाच, एका विशिष्ट माणसाच्या रूपात आला, क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, यावर त्यांची श्रद्धा उभी आहे. आणि तुम्हालाही खरं तर ते पटलेलं नाही, नाहीतर चोरी कशाची वाटली असती? दोन श्रद्धा वेगळ्या आहेत हे मान्य करूनच शेजारी बसता येतं. एकच आहेत असं म्हटलं की मग रांगेत का जाऊ दिलं नाही, याचं वाईट वाटतं. वेगळ्या आहेत हे धरून गेलात तर बाकावर बसून राहण्यात काही कमीपणा नाही. त्यांच्या घरी त्यांचा देव मोठा, मी पाहुणी, आणि माझा देव माझ्या गळ्यातल्या माळेत. स्वतः कॅथलिक चर्चनेही १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण नाकारत नाही. सगळं सारखंच आहे असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते.

त्या चपलांकडे जरा परत बघा. चर्चमध्ये चपला घालून जाणं चालतं, विहीणबाई रोज तशाच जात असणार. तुम्ही काढल्यात, कारण देवाच्या दारात पायात चपला ही गोष्ट तुमच्या पायांनाच माहीत नाही. त्या "अहो, इथे चालतात" असं म्हणू शकल्या असत्या. बहुतेक जण तेच म्हणतात, चांगल्या मनाने. त्यांनी तसं न करता स्वतःच्या काढल्या आणि डिसेंबरच्या रात्री गार फरशीवर तुमच्याबरोबर अनवाणी आत चालल्या. त्या वेळी त्यांनी तुमची रीत मानली, आपली सोडली नाही आणि तुम्हाला बदलायलाही सांगितलं नाही. तुमच्या यजमानांना वाटतं की वसईची माणसं तुम्हाला ओढून घ्यायला बसली आहेत. त्यांना ही चपलांची गोष्ट सांगितलीत का? पत्रावरून वाटतं, रडण्याची सांगितलीत, ही राहिली.

यजमानांबद्दल. त्यांचं बोलणं टोचणारं आहे, पण त्यांना नुसतं हट्टी ठरवू नका. पोर्तुगीजांच्या काळात वसईत धर्मांतरं झाली, देवळं पाडली गेली, हा इतिहास आहे आणि तो त्यांच्या कानावर असणार. तुम्ही लिहिता की ते म्हणतात, "आपल्या भागाचा आणि त्या लोकांचा संबंध काय?" संबंध तर तुमच्या तालुक्यातच टांगलेला आहे. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावरच्या देवळापाशी जी मोठी घंटा आहे, ती वसईची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता कोरलेली आहे. ती घंटा काही प्रेमाची भेट म्हणून आली नव्हती, लढाईतली लूट म्हणून आली. पोर्तुगीजांनी केलं तेही खरं, आपण आणलं तेही खरं. पण त्या हिशेबातलं काहीही तुमच्या विहीणबाईंनी केलेलं नाही आणि तुमच्या यजमानांनीही नाही. आज वसईच्या वाड्यांमध्ये केळी, फुलं, पानवेली करणारी ही माणसं मराठीत प्रार्थना करतात, मराठीत भांडतात. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. यजमानांशी वाद घालू नका. एखाद्या रविवारी दोघं मेणवलीला जाऊन या. ती घंटा त्यांनी शंभरदा पाहिली असेल, पण तिच्यावरचं ते चित्र जवळून पाहिलंय का, ते विचारा.

मला वाटतं, त्यांच्या मनातला खरा प्रश्न तुमच्या गळ्यातल्या क्रॉसचा नाहीच. तो नातवाचा आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता, "बाप्तिस्म्याचा विषय घरात कोणीच काढत नाही." जो विषय कोणी काढत नाही, तोच सगळ्यांच्या डोक्यात असतो. तेव्हा थोडी माहिती सांगते. कॅथलिक व्यक्ती जेव्हा दुसऱ्या धर्माच्या जोडीदाराशी चर्चमध्ये लग्न करते, तेव्हा त्यासाठी चर्चची खास परवानगी लागते. ती घेताना कॅथलिक जोडीदाराने वचन द्यायचं असतं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मला शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराकडून असं वचन घेत नाहीत. त्याला त्याची पूर्ण कल्पना मात्र देतात. म्हणजे तुमच्या सुनेने हे वचन दिलेलं असणार आणि तुमच्या मुलाला ते ठाऊक असणार. त्याने तुम्हाला सांगितलं नसेल, तर तो प्रश्न त्याला विचारायचा आहे, सुनेला नाही. आणि एकदाच, शांतपणे विचारायचा. निर्णय त्या दोघांचा आहे. आजी-आजोबांना मत असू शकतं, ते सांगताही येतं, पण नाताळच्या जेवणाच्या पानावर नाही आणि नातवाला मध्ये ठेवूनही नाही. तुम्ही नाताळला गेलात म्हणून बाप्तिस्मा होणार नाही आणि गेला नाहीत म्हणून टळणार नाही. या दोन गोष्टी घरात एकमेकींना बांधल्या गेल्या आहेत, त्या आधी सोडवा.

आता जायचं की नाही. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. न जाणं, जाऊन फक्त घरच्या जेवणाला बसणं, किंवा गेल्या वर्षीसारखं मिस्सालाही जाणं.

न जाणं चुकीचं नाही, पण कारण खोटं सांगू नका. गेल्या वेळी ऊसतोड झाली, यंदा गुडघे दुखतील, पुढच्या वर्षी आणखी काही. खोट्या कारणांची खोड लागली की चार वर्षांनी बोलावणंच बंद होतं. जेवणापुरतं जाणं हा मधला मार्ग चांगला आहे, विशेषतः यजमानांसाठी. पंचवीस तारखेला दुपारी जाऊ, असं त्यांना सांगितलं तर चर्चचा प्रश्नच येत नाही, आणि नातवाबरोबर दिवस जातो. ते यायला तयार झाले तर मी याच वाटेने जाईन. आणि ते नाहीच आले, तर तुम्ही एकट्या जा. मिस्साला बसावंसं वाटलं तर बसा. पण जाण्याआधी त्यांना सांगून जा. "तुमची परवानगी मागत नाही, पण लपवून जाणार नाही," हे स्पष्ट असू द्या. चोरी वाटण्याचं निम्मं कारण त्यानेच जाईल.

तुमच्यासारख्या अनेकींची पत्रं नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, म्हणून मिस्साला बसण्याबद्दल थोडं सगळ्यांसाठीच लिहिते. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहावं, बसतील तेव्हा बसावं; एवढा आदर पुरतो. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही, त्या वेळी शांत बसून राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. क्रुसाची खूण करायची गरज नाही, आणि मनात नसताना करूही नये. मध्ये एकदा सगळे एकमेकांना शांती देतात, कुठे हात मिळवतात, कुठे नमस्कार करतात. तुम्ही खुशाल नमस्कार करा, तो छान भाग असतो. दानाची पेटी किंवा पिशवी फिरते, इच्छा असेल तर टाकावं. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेच्या वेळी बाकावरच बसावं, किंवा बाकाच्या कडेला बसला असाल तर इतरांना जायला वाट करून द्यावी. काही चर्चमध्ये बिगर-ख्रिस्ती माणसं हात छातीवर दुमडून पुढे गेली तर फादर नुसता आशीर्वाद देतात. पण ती पद्धत तिथे आहे का, हे घरच्यांना आधी विचारावं. प्रोटेस्टंट चर्चमध्ये रीत वेगळी असते, तिथेही आधी विचारणंच बरं. आणि तुम्ही तिथे मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेतलंत तर ते कोणाच्याही विरोधात जात नाही.

खाण्याचं म्हणाल तर विहीणबाईंनी गेल्या वर्षी तुमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात वरण-भात, भाजी केली होती, असं तुम्हीच लिहिलंय. तिथल्या घरात नाताळला इंदेल, म्हणजे मांसाचं कालवण, शिजणार, तो त्यांचा सण आहे. माळकरी माणसाने तो वास सहन होत नसेल तर गच्चीवर किंवा ओट्यावर जाऊन बसावं, नाक मुरडू नये. जाताना काय न्यावं, असा प्रश्न अनेकींना पडतो. मेणबत्त्या, केक आणायला लागू नका, ते त्यांच्याकडे भरपूर असतं. तुमच्या घरची हळद न्या, साताऱ्याचे कंदी पेढे न्या.

बोलावणाऱ्या ख्रिस्ती घरांनाही दोन शब्द. तुमच्याकडे हिंदू व्याही, सुना, जावई येतात. मिस्सा कशी चालते, ख्रिस्तप्रसाद कोणाला का मिळत नाही, हे त्यांना घरीच, आधी सांगा. आणि पाहुणीचे डोळे भरले तर "प्रभूने तुम्हाला स्पर्श केला" असं लगेच म्हणू नका. तुमची श्रद्धा तशी असेल, पण समोरच्या बाईला त्या क्षणी एकटं राहू देणं जास्त मोठं आहे. तुमच्या विहीणबाईंनी तसं काही म्हटलं नाही, ताई, त्यांनी फक्त आपला रुमाल पुढे केला. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

राहिला हरिपाठ. तिथे बसल्यावर चोरी वाटते, म्हणून तुम्ही हल्ली लवकर उरकता, असं लिहिलंय. उलट करा. थोडं जास्त बसा. आईची आठवण येऊ द्या, रडू आलं तर तिथेही रडा. वर्षभर तुम्ही रडण्यासाठी वसईच्या चर्चमध्ये जावं लागलं म्हणून स्वतःला दोष देत आहात. घरच्या देवापुढे ते झालं नाही, कारण तिथे बसलं की कामांची यादीच डोळ्यापुढे येते. फडावरच्या एखाद्या जाणत्या वयस्क वारकऱ्याशी बोलता आलं तर बोला, पण असा माणूस निवडा जो ऐकून घेईल, लगेच प्रायश्चित्त सांगणारा नको. मनात प्रश्न येणं म्हणजे श्रद्धेत काही कमी असणं नाही. जिला श्रद्धेची फिकीर नाही, ती मला चार पानांचं पत्र लिहिणार नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, ती मला खटकली. जाणं-येणं एकाच बाजूने चाललंय. सत्यनारायण सोडला तर विहीणबाई तुमच्या सणाला कधी आल्या? त्यांना बोलावलंत का? माउलींची पालखी नीरा स्नानानंतर सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम असतो. पुढच्या आषाढात व्याही-विहीणबाईंना लोणंदला बोलवा. माळ घाला, पाया पडा, असं काही सांगू नका. नुसती वारी बघा म्हणावं. त्यांनीही तुम्हाला एवढंच तर म्हटलं होतं. हे बोलावणं तुमच्या यजमानांनी स्वतः फोन करून द्यावं असं मला वाटतं. नाताळला जायला ते तयार नसतील, पण वारी दाखवायला नाही म्हणणारा वारकरी मी अजून पाहिलेला नाही. त्यांना तो फोन नाताळच्या आधीच करायला सांगा.